पानगळ आणि पालवी

वचन : गीतरत्न २:११-१३; २ तीमथ्य ४:२०-२१



फाल्गुन लागला आहे. बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंचा शाळू कापून झाला, कडब्याच्या गंजी लागल्या, हरभऱ्याची रास घरात आली. उसाच्या गाड्यांची वर्दळ ओसरू लागली असून तोडणीकरी आपल्या कोपी मोडून गावी परतण्याच्या तयारीस लागले आहेत. भिगवणच्या पाणथळीत हिवाळाभर वस्तीस असलेले रोहित पक्षी अजून दिसतात. पण पुढे तेही उडून जातील. आणि आमच्या दारच्या कडुलिंबाखाली पिवळ्या पानांचा असा खच पडतो आहे की सकाळी अंगण झाडावे आणि दुपारी पुन्हा झाडावे.

यातील बरेचसे आम्ही ओट्यावर बसूनच पाहिले. कारण गेल्या कार्तिकाच्या अखेरीपासून आम्ही आजारी आहो. आपणांपैकी पुष्कळांनी आमची विचारपूस केली, कित्येकांनी आमच्यासाठी प्रार्थना केली. त्यांचे उपकार मानून, जी गोष्ट आम्ही मार्गशीर्षातच बोलावयास पाहिजे होती व लाजेने बोललो नाही, ती आज बोलणार आहो.

गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात प्रियकर आपल्या सखीला हाक मारून सांगतो की, आता थंडी सरली, पाऊस निघून गेला, रानात फुले उमलू लागली, अंजिराची फळे पिकावयास लागली. तेव्हा घरात बसू नको, बाहेर ये. सुदृढ माणसाने हे वाचले म्हणजे त्याचे मन प्रफुल्लित होते. परंतु जो चार महिने पांघरुणाखाली पडून आहे, त्याच्या कानी ती हाक निराळी पडते. त्याला वाटते, ऊठ म्हणणारा आला खरा, पण उठण्याचे बळ कोठे आहे? त्या माणसाकरिता आजचा हा बोध आहे. आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या सर्वांकरिताही आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शास्त्रातला हिवाळा व आपला हिवाळा एक नव्हे. पवित्र देशात हिवाळा हाच पावसाळा होय. तेथे थंडीच्या दिवसांत भूमी भिजते, आणि वसंतात त्याच ओलीवर डोंगर हिरवे होतात. आपल्या बारामती-इंदापूर भागात तसे नाही. आपला पाऊस मुळातच थोडा, आणि तो आश्विन-कार्तिकात संपतो. मग कोरडी थंडी, आणि थंडीच्या पाठीशी कोरडे ऊन. आपला चैत्र येतो तेव्हा विहिरीचा तळ दिसू लागतो, जमीन तडकते, आणि पहिला पाऊस अजून दोन-अडीच महिने दूर असतो. असे असून कडुलिंबाला पालवी फुटते, पिंपळाला तांबूस कोवळी पाने येतात, आणि पळस तर एकही पान अंगावर नसता फुलतो. पाण्याचा एक थेंब आकाशातून पडलेला नसता हे होते कसे?

जाणते लोक याचे कारण सांगतात. झाड आपली जुनी पाने गाळते, त्यामुळे पानांवाटे जाणारे पाणी वाचते. मुळे खोलवरच्या ओलीतून थोडे थोडे पाणी वर आणतात, ते खोडात साठते. दिवस मोठा होऊ लागला म्हणजे त्याच साठ्यावर फांदीचे डोळे फुटतात. म्हणजे जी पानगळ पाहून आपण झाड वाळले म्हणतो, ती पालवीची तयारीच असते. ते काम मुळाशी चाललेले असते, आणि ते कोणास दिसत नाही.

आता आमची कबुली ऐका.

आमच्या आजाराचे नाव क्षयरोग. कार्तिकाच्या अखेरीस थुंकीची तपासणी झाली, डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, आणि औषध त्याच दिवशी सुरू झाले. हा रोग बरा होणारा आहे, सहा महिने औषध नेमाने घ्या, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आमचा त्यांच्यावर विश्वास बसला. पण घरी येताना वाटेतच आम्ही मनाशी ठरविले की हे नाव मंडळीत निघावयाचे नाही. पाळकाला क्षय झाला म्हटल्यावर लोक काय म्हणतील? त्याच्या हातची भाकर कोण घेईल? नाताळच्या उपासनेस आम्ही गेलो नाही. उपदेशक घरी आले, तेव्हा त्यांस आम्ही सांगितले की थंडीचा खोकला आहे, ऊन पडले की जाईल. आमच्या कुटुंबाने आमच्याकडे पाहिले, पण ती काही बोलली नाही.

त्याच सुमारास भीमेच्या बाजूच्या एका लहान गावाहून दोन वेळा निरोप आला. त्या गावी आपली चार घरे आहेत. त्यांपैकी एका घरचा कर्ता पुरुष श्रावणापासून आजारी होता, आणि त्याच्या बायकोने पाळकसाहेबांनी येऊन प्रार्थना करावी अशी विनंती केली होती. त्याचा आजार आम्ही ऐकून होतो. तो आमचाच आजार होता. पौषात डॉक्टरांनी आम्हास सांगितले की आता तुमच्यापासून इतरांस बाधा होण्याचे भय राहिले नाही, हिंडण्याफिरण्यास हरकत नाही. तरी आम्ही गेलो नाही. तेथे गेल्यास कोणीतरी काही विचारील, आणि मग खरे सांगावे लागेल, ही भीती होती. बंधूंनो, याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्यास आज्ञा केली आहे की त्याने मंडळीच्या वडिलांस बोलवावे. त्या बाईने ती आज्ञा पाळली. वडील मात्र गेले नाहीत. या वचनावर आम्ही आजवर कित्येक वेळा उपदेश केला असेल.

शेवटी माघात आम्ही गेलो. बाई दारात उभी होती. आम्हास पाहून ती म्हणाली, “पाळकसाहेब, लांबच बसा. ह्यांना तसला आजार हाय.” घराच्या एका कोपऱ्यात एक ताट व एक तांब्या निराळा मांडून ठेविला होता. उपदेशकांकडून आम्हास कळले होते की नाताळात त्या गावी प्रभुभोजन झाले, तेव्हा ही बाई मागे बसली, आणि प्याला जवळ आला तो तिने हात न लावता पुढे जाऊ दिला. कोणी तिला मनाई केली नव्हती. तिने स्वतःच स्वतःला मनाई केली होती.

आम्ही अंगणातच बसलो आणि म्हणालो, “बाई, तोच आजार आम्हालाही आहे.” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हंजी तुमी बी लपिवलं व्हय?” त्या शब्दांत राग नव्हता. पण आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तिच्या नवऱ्याने दोन महिने औषध घेतले होते. ताप गेला, भूक लागू लागली, आणि तोडणीचा हंगाम उभा राहिला तेव्हा तो गोळ्या टाकून कामास गेला. पौषात खोकला पुन्हा धरला. आता दवाखान्यात गेलो तर डॉक्टर रागावतील या लाजेने तो घरीच पडून होता. आम्ही आमच्या गोळ्यांचे पाकीट खिशातून काढून त्यास दाखविले. त्याने विचारले, “किती राहिलं?” आम्ही म्हणालो, “अजून तीन महिने.” त्याने ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, “मग मी बी जातो.” दुसऱ्या दिवशी उपदेशक त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेले. पुन्हा तपासणी झाली, औषध नव्याने सुरू झाले. परवा निरोप आला की ताप उतरला आहे, पण अंगावर अजून मांस धरत नाही. पुढे काय होईल ते प्रभू जाणे. आम्ही प्रार्थना करीत आहो, आपणही करावी.

या गोष्टीपासून आम्ही तीन धडे शिकलो.

पहिला धडा असा की, रेंगाळणारा आजार हा अविश्वासाचा पुरावा नव्हे. काही लोक आजाऱ्यास म्हणतात, तुझा विश्वास दुबळा आहे म्हणून तू उठत नाहीस. त्यांनी तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय वाचावा. पौल लिहितो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेत येथे ठेवून यावे लागले. ज्या पौलाच्या हातून पुष्कळ रोगी बरे झाले, त्याचाच सोबती आजारी राहिला, आणि पौलाने ते लपविले नाही, त्रफिमास दोषही लाविला नाही. त्याच ठिकाणी पौल तीमथ्यास विनवितो की, हिवाळा लागण्यापूर्वी येण्याची खटपट कर. एवढा मोठा प्रेषित, पण थंडी येण्याआधी आपले माणूस जवळ असावे असे त्यालाही वाटले. मग आपल्या गावातल्या आजाऱ्यास तसे वाटले तर नवल काय?

दुसरा धडा असा की, औषध व प्रार्थना या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली. देवाने त्याची प्रार्थना ऐकली व त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढविले. तरी यशया संदेष्ट्याने अंजिरांचा लेप आणावयास सांगून तो गळवावर लावविला. देव बरे करणार हे निश्चित झाल्यावरही अंजीर आणावेच लागले. आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात अंजिराच्या बागा आहेत. त्या पाहाल तेव्हा ही गोष्ट आठवा. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन शहरी रॉबर्ट कॉख या डॉक्टरांनी क्षयाचे जंतू सापडल्याचे जाहीर केले, आणि म्हणून आजही तो दिवस जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळतात. तोवर हा रोग घराण्याचा शाप समजला जाई. जंतू सापडले तरी गुणकारी औषध हाती येण्यास आणखी साठ वर्षांहून अधिक काळ लागला. तोपर्यंत मोकळी हवा, पौष्टिक अन्न आणि विसावा हाच मुख्य आधार होता, व त्यासाठी रोग्यास घर सोडून दूर आरोग्यधामात राहावे लागे. पुढे १९५६ साली मद्रास येथे एक मोठी पाहणी सुरू झाली, आणि तीत असे दिसले की नीट औषध घेणारा रोगी गरिबाच्या लहानशा घरी राहूनही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो, आणि त्यामुळे घरच्यांस अधिक बाधा होते असेही नाही. ही किती मोठी कृपा आहे! आपल्या माणसांस आता आपल्यापासून तोडण्याचे कारण उरले नाही.

पण औषध पुरे घेतले पाहिजे. साध्या क्षयाचा क्रम सहा महिन्यांचा असतो : पहिले दोन महिने चार औषधे, पुढील चार महिने तीन. रोज गोळ्या घ्याव्या लागतात, लघवी तांबडी होते, मळमळते. पहिल्या दोन महिन्यांतच ताप जातो, आणि तेथेच मोह उभा राहतो. रोग्याला वाटते मी बरा झालो. खरे पाहता थोडे जंतू आत दडून असतात. औषध मध्येच सोडले तर ते पुन्हा उठतात, आणि कित्येकदा असे उठतात की त्याच औषधास दाद देत नाहीत. म्हणून शेवटचे चार महिने, ज्यांत रोग्याला आपल्या अंगी काहीच घडताना दिसत नाही, तेच अत्यंत मोलाचे. मुळांचे काम तेव्हा चालू असते.

तिसरा धडा आम्हास केडगावच्या वाटेवर मिळाला. दौंडापलीकडील हे गाव आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे. तेथील माळरान पंडिता रमाबाईंनी फळझाडे लावण्याकरिता घेतले होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुलींस तेथे आश्रय दिला आणि मुक्तिसदन उभे राहिले. २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई प्रभूमध्ये निजली. जिच्या हाती सर्व काम सोपवावयाचे, तीच आईच्या आधी गेली. त्यानंतरचा हिवाळा रमाबाईंचा शेवटचा. शरीर थकलेले होते, ऐकू येणे तर पूर्वीपासूनच कमी झाले होते. तरी सोप्या मराठीत शास्त्राचे भाषांतर करण्याचे जे काम त्यांनी अनेक वर्षे चालविले होते, ते त्यांनी टाकिले नाही. तो हिवाळा सरला, पालवी फुटली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, चैत्र महिन्यात, त्यांनी देह ठेविला.

हे आम्ही का सांगतो? कारण काही आजारी अंथरुणावरून उठतात, आणि काही उठत नाहीत. सर्वांस याच उन्हाळ्यात बरे वाटेल असे वचन देण्याचा आम्हास अधिकार नाही. रमाबाईंनी झाडे लाविली ती केवळ स्वतःला फळे चाखता यावीत म्हणून नव्हे. ज्या दिवशी जेवढे बळ होते त्या दिवशी तेवढे काम त्यांनी केले, आणि वसंत आणणे प्रभूवर सोपविले. आजाऱ्याची आशा अशीच असावी. ती आजची गोळी घेते, आजची पेज पिते, आजची प्रार्थना करते, आणि उद्याचा दिवस ज्याच्या हाती आहे त्याच्या हाती राहू देते. जो प्रभू स्वतः कबरेत निजला व तिसऱ्या दिवशी पहाटे उठला, त्याच्या हाती तो दिवस आहे. म्हणून ही आशा लटकी ठरत नाही.

आता मंडळ्यांस दोन शब्द.

आपल्या नीरा डाव्या कालव्याकडे पाहा. ब्रिटिश अमदानीत, १८८० नंतरच्या वर्षांत, तो आपल्या भागात आला आणि त्याने पुष्कळ कोरडी जमीन ओलीखाली आणली. पण टेलच्या शेतकऱ्यास विचारा. वरच्या गावांचे भागल्यावर त्याच्याकडे पाणी पोहोचते, आणि कधी आवर्तन संपले तरी ते पोहोचत नाही. मंडळीच्या प्रेमाचेही असेच होते. पहिल्या आठवड्यात आजाऱ्याच्या घरी गर्दी होते. महिन्याने दोन माणसे येतात. चौथ्या महिन्यात कोणी येत नाही, आणि लांबच्या चार घरांच्या वस्तीवर तर पहिल्यापासूनच कोणी जात नाही. बंधूंनो, आजारी माणूस टेलला असतो. आपल्या प्रेमाचे पाणी तेथवर जाते की नाही, हे आपण या फाल्गुनात तपासून पाहावे.

म्हणून उपदेशकांनी व वडिलांनी पुढील गोष्टी कराव्या. ज्यास दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, सायंकाळी ताप येतो, वजन उतरते, त्यास आरोग्य केंद्रात नेऊन थुंकी तपासावी. तपासणी व औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. औषध चालू असेतोवर पोषणासाठी सरकारकडून रोग्याच्या बँक खात्यात रक्कम जमा होते. २०१८ पासून ती महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. खाते नसल्यास ते उघडण्यास मदत करावी. घरातील इतरांची, विशेषेकरून लहान मुलांची, तपासणी करून घ्यावी. रोग्याने खोकताना तोंडावर फडके धरावे व घराची खिडकी उघडी ठेवावी. कारण हा रोग श्वासावाटे हवेतून पसरतो. तो ताटातून, तांब्यातून किंवा हातात हात दिल्याने पसरत नाही. नेमाने औषध घेणाऱ्या बहुतेकांपासून थोड्या आठवड्यांतच बाधेचे भय जाते. ते गेले की नाही हे डॉक्टरांस विचारावे. तेव्हा निराळे मांडलेले ताट उचलून घरातल्या ताटांत मिसळावे. आणि प्रभूच्या मेजापाशी आजाऱ्याच्या घरच्या माणसांस मागे बसू देऊ नये.

ज्यांनी औषध मध्येच सोडले आहे त्यांस आम्ही हात जोडून विनवितो की, लाज धरू नका, परत जा. तुमच्या पाळकानेही लाज धरिली होती, आणि त्याच्या लाजेमुळे एक घर दोन महिने एकटे पडले. त्याबद्दल आम्ही प्रभूची क्षमा मागितली, आणि त्या बाईचीही मागितली. प्रभू क्षमा करितो हे आम्हास ठाऊक होते. तिने केली, तेव्हा आमचे डोळे भरून आले.

आमचे औषध वैशाखात संपेल. त्याआधी पुनरुत्थानाचा सण येतो. डॉक्टरांची परवानगी आहे, आणि आमचा मनोदय असा आहे की या वर्षी सणाचे प्रभुभोजन त्या भीमेकाठच्या गावी त्या चार घरांबरोबर घ्यावे. त्या बाईने पुढे बसण्याचे कबूल केले आहे.

प्रार्थना करू या. हे दयाळू प्रभो, तू पानगळीत झाडाचे मूळ सांभाळितोस, तसे आमच्या आजारी बंधुभगिनींस सांभाळ. जे अंथरुणावर आहेत त्यांस आजच्या दिवसापुरता धीर दे. जे लाजेने लपले आहेत त्यांस बाहेर आण. जे लांब आहेत त्यांच्याकडे जाण्यास आमच्या पायांत बळ दे, आणि ज्यांस तू या चैत्रात आपल्या घरी नेणार आहेस त्यांचा हात धर. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.